मैकोनाच्या विहिरीकडे माघार

चलबीचं वाळवंट आडवं कापायचं आणि संध्याकाळच्या आत तुर्काना सरोवराच्या काठी तंबू ठोकायचे, असा त्या दिवसाचा बेत होता. सहलीचा ट्रक केपटाऊनहून निघून अडीच महिने झाले होते. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडलेला पाटा बदलून मिळेपर्यंत चार रात्री मार्साबित गावच्या हॉटेलात गेल्या, आणि त्या चार रात्रींनी सगळ्यांची सवय मोडली. सकाळी तंबू ट्रकवर चढवताना सातही प्रवाशांची तोंडं आंबट झाली होती.

स्वयंपाकीण केरुबो सगळ्यांत जास्त कंटाळली होती. एकोणीस वर्षं अशा ट्रकवर ती दहा-दहा जणांना रांधून घालत आली. हॉटेलात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातात आयता चहा दिला होता. आता पुन्हा तीच चूल, तीच पत्र्याची पेटी आणि अंगाखाली तीच कडक जमीन! तिचे गुडघे निघाल्यापासून कुरकुरत होते.

दुपारी दोनला वरून पांढरी, टणक दिसणारी खारी जमीन एकदम खचली. मागची चाकं आत गेली. ड्रायव्हर मुटिसोने जोर लावला. चाकं गरगरली. चिखल उडाला. ट्रक आणखी रुतला!

"उतरा सगळे! फावडी काढा!" मुटिसो ओरडला.

दोन तास सगळे उपसत होते. चाकांखाली लोखंडी पत्रे सारले, ते चिखलाने गिळले. माणसं घामाने निथळली, बाटल्या संपल्या. मुटिसोने ट्रकच्या टाकीचा नळ सोडला. दोन थेंब पडले आणि नळ कोरडा झाला.

"पाणी भरायचं काम कुणाकडे होतं?" त्याने ट्रकच्या दारावरची, प्रवाशांना वाटून दिलेल्या कामांची पाटी वाचली. "सॉल्वेग. आजी, अहो, टाकी भरली नाहीत?"

सॉल्वेग म्हणजे नॉर्वेची सत्तरीची निवृत्त परिचारिका. ती गोंधळून उभी राहिली. "भरली होती रे. काल सकाळी. म्हणजे... भरली होती असं मला वाटतं." मग हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी बारीकसारीक विसरायची."

केरुबोला एकदम आठवलं. टाकी भरली गेली होती. पाण्याला वास येतो म्हणून काल दुपारी केरुबोनेच ती ओतून टाकली, औषध घालून धुतली, उघडी वाळत ठेवली. तेवढ्यात हॉटेलवाल्याने चहाला हाक मारली, आणि बाई जाऊन खुर्चीत बसली ती बसलीच! गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण म्हातारीला स्वतःवरच शंका घेताना तिला बघवेना.

"त्यांना बोलू नकोस," ती म्हणाली. "टाकी मी ओतली. धुतली, आणि भरायची विसरले. सॉल्वेगताई, तुमचं डोकं शाबूत आहे. माझंच फिरलं."

मुटिसोने फावडं आपटलं. "ताई, एकोणीस वर्षं! आणि आज?"

"हो, आज. शिव्या नंतर घाल. माझ्या पेटीत राखलेली एकच बाटली आहे. प्रत्येकी दोन घोट."

तिने डब्यातले घेवडे गारच वाढले. जेवल्यावर ताटं कोरड्या मातीने घासायला लावली. पोटं बिघडली तर आणखी पाणी जाईल, हे तिला ठाऊक होतं. या ट्रकवर ताटं पुसायची पद्धत नव्हती, हवेत हलवून वाळवायची. सवयीने सगळे रांगेत उभे राहिले आणि माती झाडायला ताटं हलवू लागले. कलत्या उन्हात नऊ ताटं लखलखत होती.

लांबवर उंटांची एक ओळ थांबली. मग वळली!

"इकडेच येतायत!" मुटिसो किंचाळला.

उंटांवर पाण्याचे डबे होते. पुढे गाब्रा जमातीची एक बाई चालत होती, तलासो. तिने न विचारता दोन डबे उतरवले. मोडक्या स्वाहिलीत म्हणाली, "काय हलवत होता?"

"ताटं. वाळवत होतो," केरुबो म्हणाली.

"पाणी नाही, आणि वाळवत होता?" ती पोट धरून हसली. केरुबोलाही हसू आलं, आणि त्यातच रडू.

"सरोवर आता तीन तासांवरच आहे," पाणी पिऊन मुटिसो म्हणाला.

"पुढे पाऊस मुरलाय," तलासो म्हणाली. "इथे चाकं गेली, तिथे अख्खी गाडी जाईल."

प्रवासी हळहळले. याच सरोवरासाठी तर ते आले होते! केरुबो म्हणाली, "माझ्या चुकीने एकदा जिवावर बेतलं, पुन्हा बेतू द्यायचं नाही. आल्या चाकोरीने मागे." तलासोच्या माणसांनी खांदे लावले. एक रेटा. आणखी एक! अंधार पडायच्या आत ट्रक मागे सरकत बाहेर आला.

सकाळी वाळवंटाच्या काठावर, मैकोना गावच्या विहिरीवर सॉल्वेगने चहा केला. पाणचट, धुरकट. "बसून पी," तिने दटावलं.

केरुबो कप घेऊन टपावर चढली आणि टाकीच्या तोंडाशी नळी धरून बसली. चहा तिने तिथेच प्यायला. पाणी काठावरून सांडून तिचे पाय भिजले, तेव्हा ती खाली वाकून म्हणाली,

"सॉल्वेगताई, वर या. झाकण तुम्हीच लावा. आणि पाटीवर तुमच्या नावापुढे खूण करा."