धाकट्या, कडी काढ

मोबाइल खाली ठेवा आधी. आणि मध्येच 'काका, हे खरं का?' असं विचारायचं नाही. खोटंच सांगायचं असतं तर मी यापेक्षा चांगलं रचलं असतं. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा मित्र, छापखानेवाला. अजून आहे, चांगला धडधाकट आहे. आडनाव धाकटे. त्यात सगळ्या चुलत भावंडांतही हाच शेंडेफळ, त्यामुळे आडनावाने धाकटे आणि हाकेलाही 'धाकट्या'. पन्नाशी उलटली तरी.

एप्रिलची बावीस तारीख, बुधवार. संध्याकाळी तो मोठ्या आकाराचा जाड कागद आणायला गेला होता. रविवारी त्यांच्या कुळाचं संमेलन होतं. दीडशे माणसं येणार आणि प्रत्येकाला वंशावळीचा तक्ता वाटायचा. आठ पिढ्या, प्रत्येक नावाला एक चौकट. कागद घेऊन आठच्या सुमाराला तो छापखान्यात आला. पुढचं शटर ओढलं, मागच्या बोळातल्या लाकडी दाराला आतून कडी घातली, पंखा लावला आणि शेवटचं तपासायला बसला. सकाळी छपाई सुरू करायची होती.

आता या तक्त्यातली मेख ऐका. सात वर्षं, एकेक सुट्टी घालवून, दप्तरखान्यात बसून जुने कागद उतरवून काढले ते या धाकट्याने. धुळीने खोकला लागला, चष्म्याचा नंबर वाढला. आणि तक्त्याच्या खाली ठळक अक्षरांत काय? 'संशोधन व संकलन', आणि पुढे दादाचं नाव. दादा म्हणजे थोरला चुलत भाऊ, निवृत्त हेडमास्तर. रविवारी सत्कारही त्याचाच. आयत्या बिळावर नागोबा!

खोटं कशाला बोला, धाकट्याच्या पोटात दुखत होतं. आणि ते आजचं नव्हे, चाळीस वर्षांचं दुखणं. लहानपणी शर्ट घालायचे ते दादाचे उतरलेले. पुस्तकंही दादाचीच. पहिल्या पानावर त्याचं नाव झोकात लिहिलेलं, याने आपलं खाली कोपऱ्यात लिहायचं. मार्क कमी पडले की आई म्हणायची, "दादाकडे बघ जरा." बघून बघून मानेला रग लागली. बरं, दादा वाईट म्हणावा तर तसंही नाही. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, पण हा पडला चांगला.

त्यात आडनावाचं प्रकरण. दादाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "धाकटे हे 'धाक'वरून आलं. आपल्या पूर्वजांचा मुलखात धाक होता." सगळे खूश. इकडे धाकट्याला दप्तरखान्यात एक जबानी सापडली होती, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा शेजाऱ्याची. दोन भाऊ होते. थोरला कामासाठी लांब गेला, चार वर्षं त्याचा पत्ता नाही. धाकट्या भावाने तो मेला असं सांगून घर आपल्या नावावर करून घेतलं. मग एका रात्री थोरला परत आला आणि दारात उभा राहून हाका मारायला लागला. शेजारी म्हणतो, 'आत दिवा होता. दिवा विझला. कडी काही निघाली नाही.' थंडीचे दिवस होते. सकाळी थोरला दारातच गार होऊन पडलेला. तेव्हापासून लोक त्या घराला धाकट्याचं घर म्हणायला लागले, आणि पुढे घरातले सगळेच धाकटे झाले. जबानीत थोरल्याचं नावही होतं, पण कोणीतरी ते शाईने असं खोडलं होतं की एक अक्षर लागेना.

हे दादाला दाखवलं, तर दादा म्हणाला, "अरे, चारचौघांत असलं कशाला उकरायचं? तक्त्यावर धाकच राहू दे." झालं! सात वर्षांची मेहनत एका वाक्यात निकालात.

तर त्या बुधवारी, रात्री पावणेबारा वाजता, स्क्रीनवर दादाची चौकट आली. धाकट्याने ती काढून टाकली. मग वहिनीची काढली, दोन्ही पोरांची काढली, वर जोडणारी रेघसुद्धा काढली. छापखान्यात ही एक सोय असते, काहीही करा आणि 'छपाईची चूक' म्हणून मोकळे व्हा. रविवारी दादा दीडशे लोकांसमोर तक्ता उघडणार, आपलं नाव शोधणार आणि ते सापडणार नाही. तो चेहरा डोळ्यांसमोर आणून याला इतकं बरं वाटलं की एकटाच हसला. त्याने स्वतः मला हे सांगितलंय, म्हणून सांगतो.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

"धाकट्या…"

दादा! 'जमलं तर रात्री चक्कर टाकतो' असं तो म्हणाला होताच. चोराच्या मनात चांदणं. धाकट्याने झटकन स्क्रीन बंद केली आणि दिवाही मालवला. आत कोणी नाही असं वाटलं की जाईल आपला.

"धाकट्या, कडी काढ."

हा गप्प.

"आत्ता दिवा होता की रे…"

तरी हा गप्प. मनात म्हणतोय, उभा राहा. जन्मभर मी तुझ्या मागे उभा राहिलो, आता घटकाभर तू राहा बाहेर. त्या विचारात असा काही गोडवा होता की जागचं उठावंसंच वाटेना.

"थंडी वाजतेय रे."

थंडी?

एप्रिल महिना. सदरा अंगाला चिकटलेला. डोक्यावर पंखा गरगरतोय.

पुन्हा थाप पडली. पहिली डोक्याच्या उंचीवर होती. ही कमरेपाशी.

"धाकट्या…"

आवाजही खाली आलेला. दाराला टेकून कोणी हळूहळू खाली बसत चालल्यासारखा.

आणि टेबलावरचा मोबाइल उजळला. दादाचा फोन.

धाकट्याने कसाबसा कानाला लावला.

"काय रे, झालं का तपासून? माझा गुडघा धरलाय, येणं काही जमत नाही."

"दादा… तू कुठे आहेस?"

"घरी. पलंगावर पडलोय. का रे?"

याने मान वळवून दाराकडे पाहिलं.

थाप. आता गुडघ्याच्या उंचीवर.

"धाकट्या…"

"कोण आहे रे तिथे?" दादा म्हणाला. "तुला हाक मारतंय कोणीतरी."

"तुला… ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? आपल्या घरातलाच आवाज वाटतो. कोणी आजारी माणूस दिसतोय. अरे, दार उघड ना! बाहेर काय ठेवतोस त्याला?"

बघा हं. अशा क्षणीही धाकट्याच्या मनात काय यावं? दादाला लगेच उघडावंसं वाटलं. मला का नाही वाटलं? भीतीपेक्षा तेच जास्त बोचलं, असं तो म्हणतो.

तो उठला. अंधारात चाचपडत दारापाशी गेला. हात कडीवर ठेवला.

हात हलेना.

पलीकडे, अगदी उंबऱ्यापाशी, कोणीतरी श्वास घेत होतं. एक श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

मग…

काहीच नाही.

तेव्हा कुठे त्याने कडी काढली.

बोळ रिकामा. खांबावरचा दिवा, एक उलटी पडलेली बादली, बस्स. तो खाली वाकला आणि उंबऱ्याला हात लावला. चटकन मागे घ्यावा लागला, इतका गार. फोन अजून चालूच होता. दादा ओरडत होता, "उघडलंस का? कोण होतं?"

"उशीर झाला, दादा," हा म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मग सगळं ओकून टाकलं. चौकट काढल्याचं, वहिनीचं, पोरांचं, इतक्या वर्षांच्या जळफळाटाचं. दादाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "माझं घालावंसं वाटलं तर घाल, नाहीतर राहू दे. पण त्या थोरल्याची चौकट आधी घाल."

"नाव खोडलंय त्याचं."

"मग रिकामी ठेव. आणि ते धाकबिक काढून टाक."

याने दादाची चौकट बायकोपोरांसकट जागच्या जागी घातली, आणि रविवारी तो तक्ता वाटला गेला. सगळ्यांत वर दोन चौकटी, एक भरलेली, एक कोरी. दादाने भाषणात आडनावाचं खरं काय ते सांगितलं, आणि सगळं संशोधन धाकट्याचं आहे हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मात्र दादाच्या मोठेपणाला. हसू नका! धाकट्याच्या पोटात पुन्हा दुखलंच. माणूस काही एका रात्रीत बदलत नसतो. फक्त तेव्हापासून त्या मागच्या दाराला तो कडी घालत नाही. आम्ही म्हणतो, अरे, चोरी होईल. तो म्हणतो, होऊ दे.

ते दार मी पाहिलंय, या डोळ्यांनी. रंगाऱ्याने दोनदा घासून रंग दिला, तरी डाग वर येतात. हाताच्या पंजाचे. बाहेरच्या बाजूला एक डोक्याच्या उंचीवर, एक कमरेपाशी, एक गुडघ्यापाशी. बोटं खाली घसरत गेलेली दिसतात.

चौथा अगदी खाली आहे, उंबऱ्याला लागून.

तो… दाराच्या आतल्या बाजूला आहे.