उलटा फिरणारा रोटर

घड्याळवाला गाडी ढकलत गॅरेजात शिरला, तेव्हा मालकांची धाकटी मुलगी आधीच रागाने तापलेली होती. आणि का तापू नये? गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे बाबा आज गॅरेजची किल्ली सोडणार होते. किल्ली तिला द्यायची की दाजींना, एवढंच ठरायचं होतं. दहा वर्षं कोपरापर्यंत हात काळे केले तिने, आणि वाटेकरी कोण, तर पाना आणि पक्कड यांतला फरक न कळणारा बहिणीचा नवरा.

"ही गाडी एकटीने चालू करून दाखव," खुर्चीतून बाबा म्हणाले. "किल्ली तुझी."

तिने बॉनेट उघडलं आणि तिडीक थेट मस्तकात गेली. स्पार्क प्लगच्या चारही वायरी उपटून ठेवलेल्या.

"हे काय करून ठेवलंत?"

"साफ केल्या... म्हणजे, घड्याळात आम्ही सगळे भाग आधी सुटे करतो—"

"हे घड्याळ आहे? एक काढायची, पुसायची, परत लावायची, मग दुसरी. आता कोणती कुठली ते काय वायरीला विचारू?"

तो हसला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला होता, तिन्ही वेळा असाच हसला होता. ते हसू तिला जेवता जेवता मध्येच आठवायचं, त्याचाही राग होताच.

प्लग पेटण्याचा क्रम तिला तोंडपाठ होता. एक, तीन, चार, दोन. त्याच क्रमाने तिने, प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीभोवती वायरी लावल्या, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. स्टार्टर मारला. इंजिन खोकलं आणि फाटकन आवाज काढून गप्प झालं.

"सावकाश हं, मालकीणबाई," दाराशी उभे असलेले दाजी म्हणाले. मालकीणबाई ते फक्त चिडवायलाच म्हणत.

तिने पुन्हा मारला. पुन्हा तेच. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

घड्याळवाला तिच्या शेजारी बॉनेटखाली वाकला, इतका जवळ की पेट्रोलच्या वासातूनही त्याच्या साबणाचा वास आला. "टोपी काढून बघा ना... आतला रोटर कुठल्या बाजूने फिरतो..."

"मला शिकवू नका."

पण तिने टोपी काढली आणि त्याला स्टार्टर मारायला लावला. रोटर काट्यांच्या उलट दिशेने फिरत होता. क्रम बरोबर, दिशा चुकलेली, आणि रागाच्या भरात तिने बघितलंच नव्हतं. दोन आणि तीनच्या वायरी तिने अदलाबदल केल्या, टोपी बसवली. इंजिन एका दमात सुरू झालं.

हात पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला, तशी एक चिठ्ठी खाली पडली. ती तिने उचलली. टोपीचं बारीक, सुबक चित्र, चार आकडे, आणि उलट्या दिशेचा बाण.

"म्हणजे सगळं माहीत होतं तुम्हाला."

"उघडण्याआधी चित्र काढायची सवय आहे... दोनदा गाडी खरीच बिघडली होती. मग महिनाभर वाट बघितली. बिघडेचना. म्हणून मीच वायरी..."

"माझी किल्ली जात होती आज."

त्याचा चेहरा पडला. "ते... खरंच माहीत नव्हतं."

"कानात काय सांगितलं त्यांनी?" दाजींनी मोठ्याने विचारलं.

तिने चिठ्ठी मुठीत दाबली. सगळं त्याच्यावर ढकलायला एक वाक्य पुरलं असतं. "दिशा माझी चुकली, बाबा," ती म्हणाली. "यांनी दाखवली."

बाबांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "मला इथूनच दिसलं होतं, पोरी. लपवतेस का, तेवढंच बघत होतो."

दाजी चहाला निघून गेले.

ती घड्याळवाल्याकडे वळली. डोळे भरले होते, आणि ते त्याला दिसले म्हणून ती आणखी चिडली. "पुन्हा वायरीला हात लावलात तर बघा."

"मग मी येऊ कसा?"

"चालत," ती म्हणाली. "उद्या सहाला बंद करते मी. गाडी घरी ठेवून या."

चिठ्ठी मात्र तिने परत दिली नाही.