दाखल क्रमांक एक

"ताई, एक नंबर गेलं."

ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा प्रियदर्शनी अकोल्याच्या बसस्टँडवर उभी होती. एक नंबर म्हणजे काय, हे तिला विचारावं लागलं नाही. बाबांनी एकेचाळीस वर्षांपूर्वी वलगावात घरातल्या पुस्तकांवर वाचनालय सुरू केलं. दाखल रजिस्टरात पहिलं चढलेलं पुस्तक ते. प्रौढांना अक्षरओळख करून देणारं, फुकट वाटलेलं वाचनपुस्तक. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. पुस्तक काचेच्या कपाटात होतं.

"कपाट रिकामं आहे?"

"नाही. त्याच्या जागी तसलंच दुसरं आहे."

प्रियदर्शनी विमा कंपनीत खोटे दावे शोधायची. चोर चोरी करतो, हे तिला कळत होतं. बदली माल ठेवणारा चोर वेगळा असतो.

वाचनालयात अध्यक्ष श्रावणराव आधीच येऊन बसले होते. उद्याच्या सभेत बाबांच्या जागी ग्रंथपाल नेमायचा होता. बारा वर्षं हाताखाली राबलेली ज्योत्स्ना, नाहीतर श्रावणरावांचा पुतण्या ललित.

"कपाटाच्या चाव्या दोन," श्रावणराव म्हणाले. "एक हिच्यापाशी. आता तूच सांग पोरी, जिले एक पुस्तक सांभायता आलं नाही, तिले अकरा हजार पुस्तकं द्याची काय?"

प्रियदर्शनीला ते वाक्य आवडलं. लाज वाटली ती नंतर. शेवटच्या आजारात बाबा तिच्याशी फोनवर गोळ्यांचं बोलत आणि ज्योत्स्नाशी पुस्तकांचं.

तिने खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर ठेवली. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आईने शिवलेली, गोधडीसारखी.

"हे ते पुस्तक नाही, कशावरून?"

ज्योत्स्नाने श्रावणरावांकडे पाहिलं. ते चहा सांगायला बाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"गुप्त पानावरून. पहिल्या पानावरचा शिक्का कोणीही फाडतं, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात. आपल्याकडे एकतीस. याचं पहिलं पान फाटलेलं आहे, आणि एकतिसावर काहीच नाही."

"हे पान कोणाला ठाऊक?"

"सरांना. आणि मला."

दहा वर्षांची असताना प्रियदर्शनीने बाबांना तेच विचारलं होतं. ते घरच्यांना सांगायचं नसतं, असं बाबा म्हणाले होते.

"खरं पुस्तक शेवटचं कधी पाहिलंस?"

"परवा सकाळी. पुसून ठेवलं."

"त्यानंतर कोण आलं?"

"ललितने खुर्च्या आणून टाकल्या. अध्यक्ष येऊन गेले. दुपारी आई सरांच्या फोटोला हार देऊन गेल्या."

"कोणाची आई?"

"तुमच्या, ताई."

"तू इथेच होतीस?"

"आईंसाठी चहा आणायला गेले होते तेवढीच."

प्रियदर्शनीने पुस्तक उलटं केलं. कण्याला लाल कापड होतं. बाबा पुस्तक बांधताना तीन भोकं पाडून पांढरा दोरा ओवत. इथे लाल दोऱ्याचे बारीक, सारखे टाके होते. धावदोरा. शेवटी दुहेरी गाठ.

तिने पिशवीचा बंद हातात घेऊन त्यावरचे टाके पाहिले.

"दुसरी चावी?"

"सरांच्या जुडग्यात."

जुडगा घरी, खुंटीला होता.

दुर्गाबाई शेंगा सोलत होत्या. प्रियदर्शनी समोर बसली.

"आई, ज्योत्स्नाने पुस्तक बदललं असतं तर एकतिसावं पान कोरं ठेवलं नसतं. शिक्का तिच्याच टेबलावर असतो. आणि मला फोनही केला नसता. श्रावणकाकांना तिला अडकवायचं असतं, तर त्यांनी पुस्तक नुसतं पळवलं असतं. दुसरं ठेवणाऱ्याला कोणाला कळूच द्यायचं नव्हतं. त्याच्याकडे चावी हवी, तसलंच पुस्तक हवं. मी लहानपणी शाळा-शाळा खेळायचे ते पुस्तक माळ्यावर होतं. आणि टाका तुझा आहे."

दुर्गाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. उशीखालून पुस्तक काढलं.

"चोरी नाही केली म्या. माह्यं पुस्तक आहे हे. लग्न झालं तवा मले अक्षर येत नव्हतं. तुह्या बापानं याच्यावर शिकवलं. अन् वर्षभरात तिकडं नेऊन एक नंबर टाकला. उद्या लोकं भाषणं करतीन याच्यावर. मले कोणी इचारलं? जन्मभर त्या वाचनालयानं माणूस नेला, मरताना त्या पोरीनं नेला."

"पोरीची नोकरी जाईल, आई."

"ते कुठं ठाऊक होतं मले? कोणाले समजनच नाही वाटलं." त्यांनी पान उघडलं. "घरी आणून पाह्यलं त शिक्का. माह्या नावाच्या उरावर. दुसरी जागा नव्हती काय?"

पान एकतीस. समासात पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात, 'दुर्गा'. आईने पहिल्यांदा लिहिलेलं नाव. त्याच्या खाली, नावाला लागणार नाही असा, निळा शिक्का.

प्रियदर्शनी उठली. बाबांच्या खाटेशेजारी वाचनालयाची तीन पुस्तकं परत करायची राहिली होती. तिने एक उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही आईच्या मांडीवर ठेवली, एकतिसाव्या पानावर उघडी.

"हा पहिला शिक्का, आई. नंतरचे सगळे याच पानावर. अकरा हजार पुस्तकांत."

दुर्गाबाईंनी तिन्ही शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

"अन् मले एका शब्दानं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही."

मग दुर्गाबाईंनी पुस्तक पदराने पुसलं.

"त्या पोरीले फोन लाव. म्हणा, एक नंबर घेऊन येतो आमी."

"काय सांगायचं? कुठे सापडलं?"

"चोर घरचाच होता म्हणा."

"श्रावणकाकांपुढे?"

"त्यायच्याच पुढं. कागदावर लिहून मांगतीन त लिहून देतो." त्यांनी चपला पायात घातल्या. "सही करता येते मले."