झेड ड्राइव्हवरची उघडी फाईल

दीपमाला मेश्रामच्या डोक्यात भुसा भरलाय, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी तीच सांगून टाकते. कॉम्प्युटर अडला म्हणून तिनं आधी माऊस बदलला. मग कीबोर्ड पुसला. मग, कुणी बघत नाही असं पाहून, पडद्यापुढं हात जोडले. तिन्ही उपायांचा गुण सारखाच आला.

सेवाग्राम रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत कमी ऐकू येणाऱ्यांना कानातली मशीन बसवून मिळतात. केंद्र पुंडलिकराव सरांचं. ते दिवाळीआधी वारले आणि त्यांच्या हाताखाली केस पिकवलेली दीपमाला एकटी उरली. मशीन ज्याच्या त्याच्या कानाला जुळवायचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या विंडोजला ते नको. म्हणून अनुप कॉम्प्युटरवाल्यानं नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. त्याला तो व्हर्च्युअल मशीन म्हणायचा, दीपमाला म्हातारा म्हणायची. म्हातारा उठायचा, सॉफ्टवेअर उघडायचा, सगळं नीट. पेशंटची फाईल शोधायला ब्राऊजवर क्लिक केलं, की खिडकी पांढरी पडायची आणि म्हातारा जागच्या जागी थिजायचा.

रोज ती म्हणायची, उद्या बघू. उन्हाळा, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, दुखणारी कंबर. उद्या बघूच.

पण आज समोर मनकर्णाबाई बसली होती. जाम गावच्या चौकात हिची चहाची टपरी. कानातलं मशीन दुधाच्या पातेल्यात पडलं, दुरुस्त होऊन आलं ते कोरं होऊन. आतलं सगळं जुळवलेलं पुसलेलं. आणि पाण्याचा नळ हायवेच्या पलीकडं.

"परवा ट्रकनं पदर ओढून नेला माहा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठं कळतो. "मले भोंगाच आयकू नाई आला. आज मशीन नाई लागली तं उद्या मलेच नेईन तो. पाच वाजता बस आहे माही."

दीपमालानं हातानंच बसून राहा अशी खूण केली आणि अनुपला फोन लावला.

"ताई, म्हाताऱ्यामंदी झेड नावाचा ड्राइव्ह दिसते का?"

"दिसते. पुंडलिकराव लिहून आहे त्याच्यावर."

"तेच दुखनं आहे. फाईल शोधाले गेलं का तो आधी सगळ्या ड्राइव्हले हाक मारते. झेड म्हणजे आतल्या खोलीतली सरची मशीन, त्यायचा कॉम्प्युटर. तिकडून कोणी ओ देत नाई, मंग हा बसते वाट पाहत."

"सरची मशीन तं म्या भंगारवाल्याले देली. तूच म्हणला होता."

"म्हणून तं म्हणतो, झेड तोडा. फाईली सगळ्या दुसरीकडं कॉपी करून ठेवल्या म्या."

तोडा म्हणे. मोबाईलमधला सरांचा नंबरही तिला अजून पुसवला नव्हता. तिनं उसासा टाकून झेडवर क्लिक केलं, 'डिस्कनेक्ट' निवडलं. म्हाताऱ्यानं विचारलं, या ड्राइव्हवर एक फाईल उघडी आहे, तरी तोडायचं?

"अनुप… एक फाईल उघडी आहे म्हणते."

"कोणाची?"

"सांगत नाई."

"मशीनच नाई तं फाईल कुठून उघडी राहीन, ताई? हो दाबा."

दीपमालानं हो दाबायला हवं होतं. पण कुणी काम करत असताना फाईल बंद करायची नाही, हा सरांचा दंडक. एकदा तिनं तशी बंद केली, तर एका पोराच्या कानाचं अर्ध्या दिवसाचं जुळवलेलं वाया गेलं होतं. बोलणी अशी बसली, की अजून बोट आपोआप मागं येतं. आलंच. तिनं 'नाही'वर दाबलं, फोन ठेवला, आणि सवयीनं पुन्हा ब्राऊजवर क्लिक केलं.

खिडकी लगेच उघडली.

पांढरी नाही, थिजली नाही. झेड उघडा, आणि आत एकच फाईल. मनकर्णाबाईच्या नावाची. बदलल्याची तारीख आजची.

दीपमालानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. डोळे फसवतात चाळिशीनंतर, तिनं स्वतःला समजावलं, नवा चष्मा करायचाच आहे. बस पाचची आहे, त्याच्यापुढं तारखेचं काय घेऊन बसलीस. तिनं फाईल मशीनमध्ये भरली आणि मशीन म्हातारीच्या कानात बसवलं.

आता तपासणी. तिनं कूलर बंद केला. खोली एकदम मोठी वाटायला लागली. खुर्ची भिंतीकडं तोंड करून फिरवली आणि स्वतः मागं, सरांच्या आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं पुठ्ठा धरला.

"मावशी, मी जे म्हणीन ते म्हणा. भाकर."

"भाकर."

"पाणी," ती आणखी हळू बोलली.

"पानी." म्हातारीची मान ताठ झाली. लांब हायवेच्या बाजूला काहीतरी वाजलं असावं. दीपमालाला ते ऐकूच आलं नाही. मनकर्णाबाई हसली. "टरक गेला, पोरी! टरक!"

दीपमालाचे डोळे भरून आले. चला, जगली म्हातारी. दमलेल्या पाठीनं तिनं दाराला रेलून पुठ्ठा खाली घेतला. तपासणी संपली होती.

"कापूस," मनकर्णाबाई म्हणाली.

"…काय मावशी?"

"चिमणी." भिंतीकडं बघत, शहाण्या पोरीसारखी. "वावर."

दीपमालाचे ओठ मिटलेले होते. तिनं हात लावून पाहिलं. मिटलेलेच होते.

"जांभूळ," मनकर्णाबाई म्हणाली. मग जरा थांबून, नीट कान देऊन, तितक्याच सपाट आवाजात, "दीपमाला, दारातून बाजूले सर."

दीपमाला सरली. पाठीला लागलेल्या दाराची लाकडी फळी गार होती, मे महिन्याच्या दुपारी… ते तिला सरल्यावर कळलं.

"मावशी… मी तं… काहीच बोलली नाई. कोण म्हणून राह्यलं हे?"

"मले काय मालूम, बाई? म्हणा म्हणलं तं म्हणून राह्यली. आता चूप राय, अजून सांगून राह्यले ते."