वाळूच्या अकरा गोण्या

ऑर्लिंडा मला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझी गाडी पाटाच्या पुलावर पोट टेकून अडकली होती.

ऑक्टोबरमधला शनिवार होता. आमच्या एस्पान्योला गावात तेव्हा सगळ्या पोरांना एकच वेड होतं. गाडी जितकी जमिनीलगत, तितका पोरगा मोठा. कुणी स्प्रिंगा कापून गाडी खाली आणायचे. मी माझ्या जुन्या शेव्हरोले पिकअपच्या हौद्यात वाळूच्या गोण्या टाकायचो.

मागून सरपणाने भरलेला ट्रक आला. दोनदा हॉर्न वाजला. मग एक मुलगी खाली उतरली. हातात बापाचे मोठाले हातमोजे, केसांत लाकडाचा भुसा.

"काय झालं? गाडी झोपली का?"

"अडकलीय..."

"हौद्यात काय आहे?"

"वाळू."

"घर बांधताय?"

"नाही... गाडी खाली दिसावी म्हणून."

ती हसली नाही, तेच जास्त लागलं. मग तिने हातमोजे ओढले, हौद्यात चढली आणि पहिली गोणी उचलून पाटाच्या काठावर टाकली. मोठ्याने मोजत होती. दुसऱ्याच गोणीला गाडीचं पोट कुरकुरत पुलावरून सुटलं. ती थांबली नाही. अकरा झाल्यावर कपाळ पुसलं.

"एक मी नेते," ती म्हणाली. "पुलाचा टोल."

"आणि बाकीच्या दहा?"

"त्या तू उचल. तुझ्या आहेत ना?"

तुम्हीवरून तूवर यायला तिला अकरा गोण्या लागल्या.

पुढच्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली. ती बसताच गाडी तिच्या बाजूला जराशी झुकली. स्प्रिंगा थकल्या होत्या.

"झुकली," मी म्हणालो.

"मग? मी काय दोन गोण्यांची आहे?"

"दीड."

तिने दंडाला चिमटा काढला. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग ओढ दीड गोणी... जन्मभर."

जूनमध्ये आमचं लग्न झालं. टोलाची गोणी तिच्यासोबत आली. गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती दाराशी ठेवली, आणि तिथेच राहिली.

लग्नानंतर गाडी कामाला लागली. सरपण, सिमेंट, तिच्या आईचा फ्रिज. उंच ती उंचच राहिली. इस्टरच्या रविवारी सगळं गाव गाड्या घेऊन मोठ्या रस्त्यावर यायचं, पायी चालल्यासारख्या हळू गाड्या चालायच्या. आम्ही कडेला खुर्च्या टाकून बघायचो. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या इस्टरला आपलीही खाली आणतो. ती विचारायची, "वाळू आणू का?"

अशी अडतीस वर्षं गेली.

मग तिचं कंबरेचं हाड दुखायला लागलं, आणि दुखणं हाडापुरतं नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत तिचा पाय उंबऱ्यापेक्षा वर उचलेना. गाडीची पायरी तिच्या गुडघ्याला लागायची.

"मी उचलून बसवतो," मी म्हणालो.

"मला गोणीसारखं चढवायचं नाही," ती म्हणाली. "मला इस्टरला रस्त्यावरून एक फेरी हवी, म्हाताऱ्या. माझ्या जागेवर बसून. आणि चढणार मी स्वतः."

दुसरं काही तिने मागितलं नाही. डॉक्टरांकडेही नाही.

मी गाडी गॅरेजमध्ये घेतली. तिचा भाऊ रुबेल मदतीला आला. तो माझा तरुणपणापासूनचा दोस्त, वेल्डिंग त्याच्याकडे. स्प्रिंगा काढून चारी चाकांवर रबराचे फुगे बसवायचे होते. फुग्यांतली हवा सोडली की गाडी खाली बसते. ऑर्लिंडा आत बसली की बटण दाबायचं, टाकीतली हवा फुग्यांत जाते आणि गाडी उठते. इतकं साधं. ती दाराशी खुर्चीवर घोंगडी घेऊन बसायची. मांडीवर परात, परातीत निवडायच्या घेवड्याच्या बिया.

"रुबेल, याला विचार, वाळू बरी नव्हती का?"

"ताई, वाळूने गाडी खाली जाते. वर कोण आणणार?"

"मी आणली होती की."

तिसऱ्या आठवड्यात फुगे बसले. बटण दाबलं, हवा सुटली, गाडी वीतभर खाली आली. रुबेलने साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासले. कुठे एक बुडबुडा नाही.

"झालं," तो म्हणाला. "आण तिला."

मी खाली वाकून बघितलं. गाडी आणि जमीन यांच्यात चार बोटं फट होती. आमच्याकडे फट राहिलेल्या गाडीला टेकली म्हणत नाहीत. इस्टरला पुरुष उकिडवे बसतात, गाडीखाली हात घालून बघतात. हात गेला की काही बोलत नाहीत, नुसतं हसतात. ती चार बोटं घालवायची तर मागच्या चाकांच्या अॅक्सलच्या वर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, कापून कमान वेल्ड करायला हवी होती.

"बेलो, मला एवढं पुरे," ऑर्लिंडा मला म्हणाली. तिने परात खाली ठेवली. "आज चढू शकते मी. बघ."

"अडतीस वर्षं थांबलीस. अजून दोन आठवडे थांब."

तिने घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"तू आणि तुझं पोट टेकवणं," ती म्हणाली, आणि परात पुन्हा मांडीवर घेतली.

मी त्याच दुपारी सगळं परत खोललं.

दोन आठवड्यांचे तीन झाले. एक कमान वाकडी बसली, ती कापून पुन्हा केली. ती आधी रोज यायची गॅरेजमध्ये, मग एक दिवसाआड. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "टेकली का?" मग खिडकीतही दिसेना. मी चासीखाली पडून असायचो. तिला किती वेळ उरलाय हे मला कळत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, गाडी टेकली की सगळं जागेवर येईल.

इस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी टेकली. कागदही आत गेला नसता. मी वीस वर्षांचा असल्यासारखा हसलो.

रुबेल आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. दारापाशी तिने आमचे हात सोडवले. उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला आणि स्वतः बसली. आपल्या जागेवर. केस नीट केले. रुबेल तोंड फिरवून बाहेर गेला.

मी खाली उभं राहून बटणं दाबली. चारही फुग्यांत सारखीच हवा भरली. कुणी बसलं असेल तर गाडी त्या बाजूला जराशी झुकायला हवी. ती सरळ उठली. तिच्या बाजूला, उजवीकडे, केसभरही झुकली नाही. आत कुणीच नसल्यासारखी.

तिला ते कळलं असावं. म्हणाली, "आता अर्धी गोणीही नाही... ना?"

मी येऊन बसलो, गाडी सुरू केली. पुढची चाकं गॅरेजचा उंबरा उतरली तेवढ्या धक्क्याने तिने डॅशबोर्ड घट्ट धरला. बोटं पांढरी पडली.

"थांब, बेलो. नाही जमायचं."

मी थांबलो. अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर. तिच्या दारालगत ती जुनी गोणी.

"उद्या सकाळी बरं वाटेल," मी म्हणालो.

"नाही वाटायचं. तू बस जरा. इंजिन बंद कर, इथून रस्ता ऐकू येतो."

खरंच येत होता. पोरं आदल्या दिवसापासूनच गाड्या काढतात. लांबून गाणी, हळू चालणारी इंजिनं.

"त्या शनिवारी," मी म्हणालो, "मला माहीत होतं तू पुलावरून सरपण नेतेस. एरवी नऊच गोण्या असायच्या. त्या दिवशी दोन जास्त टाकल्या... अडकावं म्हणून."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"साखरपुड्याच्या आधीपासून. गोण्या भरायला रुबेल होता ना? त्याच्या पोटात काही राहतं का?"

आम्ही हसलो. हसताना तिला दुखलं, म्हणून थांबलो.

"तीन आठवड्यांपूर्वी तुला न्यायला हवं होतं," मी म्हणालो.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. पण ती खोटं बोलत नसे.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

मग तिने माझ्या ग्रीस लागलेल्या बाहीवर हात ठेवला आणि अंधारेपर्यंत काढला नाही.

बुधवारी ती गेली.

आमच्याकडे आपल्या माणसाला आपल्याच गाडीतून नेतात. चर्चच्या अंगणात मी बटण दाबलं आणि गाडी खाली बसली. सहा जणांना पेटी वर उचलावी लागली नाही, नुसती सरकवली. मोठ्या रस्त्यावरून गेलो. मागे गावातल्या गाड्यांची लांब रांग होती, सगळ्या पायी चालल्यासारख्या. तिने मागितली होती तीच फेरी. दफनभूमीपाशी गाडी पुन्हा खाली घेतली तेव्हा एक म्हातारा सवयीने उकिडवा बसला, गाडीखाली हात घालून बघितला. हात गेला नाही. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली.

"टेकली," तो म्हणाला.

त्या चार बोटांचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी रुबेल आला. सरपण आणायला सोबत येतो म्हणाला. गाडीभोवती फिरून थांबला.

"बेलो, गाडी उजवीकडे झुकलीय. फुगा गळतोय का?"

"नाही."

"मग हवा कमी आहे. भरू का?"

"नको. तेवढीच ठेवलीय मी. मोजून."

तो तिच्या बाजूचं दार उघडून उभा होता, एक पाय आत. त्याने पाय काढून घेतला. दार हळूच लावलं, कुणाला जाग येऊ नये तसं.

"मी मागे बसतो," तो म्हणाला, आणि साठ वर्षांचा माणूस हौद्यात चढला.