मागचं डावं दार

हे खरं आहे. पटत नसेल तर पुढे सरका, मला कुणाला पटवायचं नाही.

मी नवल. जळगावात, पिंप्राळ्याला गाड्यांच्या आतलं काम करतो. सीट, छत, दारांची पॅनलं.

गेल्या मे महिन्यात शिंदखेड्याचा प्रेमराज आला. घरात लग्न होतं. दारांच्या पॅनलना नवं कार्पेट हवं होतं, तेही आजच्या आज.

मागच्या डाव्या दाराचं पॅनल काढताना आतल्या हँडलची क्लिप तुटली. आता दार बाहेरूनच उघडणार होतं. म्हटलं, बघू नंतर. कार्पेट चिकटवलं, पॅनल बसवून टाकलं.

त्याला सांगायचं राहिलं.

राहिलं कसलं... सांगितलंच नाही. क्लिप शोधत कोण फिरणार!

आठव्या दिवशी त्याचे वडील, अभिमन आबा, त्याच गाडीत गुदमरून गेले. प्रेमराज कपड्यांच्या दुकानात होता. आबा मागे झोपलेले, बाजूला लग्नाची खोकी कोंबलेली. दुपारचे दोन. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

प्रेमराजला वाटलं, लहान मुलांसाठीचं लॉक आपणच लावून ठेवलं होतं.

महिन्याने तो परत आला. "नवलभाऊ, त्या दाराचं कार्पेट एका जागी सारखं सुटतं."

गाडी तासभर सावलीत होती. पॅनलला हात लावला. सगळं गार. फक्त तळहाताएवढी जागा... तापलेली.

तो चहा सांगायला गेला. मी मागच्या सीटवर बसून चिकटवायचं सोल्युशन लावू लागलो.

दार लागलं.

वारा नव्हता.

हँडल ओढलं... काही नाही. दुसऱ्या दाराकडे सरकायचंही सुचेना. घामाने अंग भिजलं.

आणि अगदी कानाशी...

"भाऊ, दार उघड ना... बठ्ठं तपी गयं..." सगळं तापलंय, म्हणणारा म्हातारा आवाज.

प्रेमराजने बाहेरून दार उघडलं. "अहो, केवढ्यांदा ठोकताय!"

मी ठोकलं नव्हतं. हात सोल्युशनने माखलेले होते. पॅनलवर एक डाग नव्हता.

त्याने हँडल हलवून पाहिलं. "लॉक तर मी तेव्हाच काढलंय. मग आतून का उघडत नाही हो?"

तोंडाशी आलं होतं. देवाशप्पथ, आलं होतं.

"गंज धरला असेल," मी म्हणालो.

त्याच दिवशी नवी क्लिप बसवली. दार आता आतून उघडतं. पण प्रेमराज अजून म्हणतो, बापाला मीच मारलं. धड जेवत नाही, घरात कुणाशी बोलत नाही. आणि मी नालायक, सगळं ऐकून घेतो.

काल त्याचा फोन आला.

"नवलभाऊ, आबा स्वप्नात आले होते. म्हणाले, नवलला विचार."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय विचारायचं हो तुम्हाला?"

आवाज येत नाही म्हणालो, आणि फोन कापला.

नंतर दोनदा वाजला. उचलायची हिंमत झाली नाही.