कड्यातून गेलेला दोरा

बंगळूरच्या बसवनगुडीहून निघालेल्या बसने करकचून ब्रेक मारला आणि तारांचा एक भलामोठा गुंता थेट संहिताच्या मांडीवर येऊन बसला.

"सॉरी, अक्का… स्वल्प…" तरुणाचं कानडी तिथेच संपलं. मग तो स्वतःशीच मराठीत पुटपुटला, "निहारराव, अकराला व्याख्यान, आणि तुम्ही रेणूच पाडलात!"

संहिताला हसू फुटलं, पण ती बोलली नाही. दर सोमवारी दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. तारांनी घडवलेला तो रेणू मात्र तिने ओळखला; साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, आणि ती जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी! पेशींना वाढवणारं प्रथिन. साखळीचे दोन तुकडे आणि दोन पिवळ्या तारा मिळून एक कडं… आणि तिसरी तार? ती कड्यातून आरपार जायला हवी. इथे तर बाहेरूनच वळसा घालून गेली होती!

व्रत मोडवेना, आणि याचं हसं झालेलंही बघवेना. तिने पूजेच्या पिशवीतला हळदीचा दोरा काढला, तिसरी तार सोडवली आणि त्या जागी दोरा कड्यातून ओवून बांधला.

"अगं बाई… म्हणजे, अरे देवा!" निहारने कपाळावर हात मारला. "याला आत धड गाभा नाही, ही गाठच सगळं धरून ठेवते. आणि मी तीच चुकवली! तुम्ही रागावलात का? बोलत नाही ते?"

तिने घड्याळातल्या बारावर बोट ठेवलं, मग थांबा येताच समोरच्या विज्ञान संस्थेच्या वाचनालयाकडे दाखवलं.

बारा वाजून एका मिनिटाने तो संस्थेच्या वाचनालयात हजर. "आता बोला."

"व्याख्यान कसं झालं?"

"सगळे दोऱ्याचंच विचारत होते. मला तर ओवणारीचं नावही सांगता येईना!"

मग कितीतरी सोमवार गेले. एका शनिवारी मान खाली घालून तिने वडिलांचा बेत सांगितला, "अण्णा सोमवारी संध्याकाळी हुबळीच्या स्थळाला होकार कळवणार आहेत…"

सोमवारी साडेअकराला निहार धापा टाकत वाचनालयात आला.

"मुद्दाम मौनात विचारतोय. नाही म्हणायचं तर व्रत मोडावं लागेल… संहिता, माझ्याशी लग्न करशील?"

त्याचा अंगठा आणि तर्जनी जुळवून तिने कडं केलं, त्यातून हळदीचा दोरा ओवला… आणि दुसरं टोक हळूच आपल्या बोटाला गुंडाळलं.

बाराचे टोल पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

"चला," ती म्हणाली. "अण्णांना सांगायचंय."

"मी एकट्याने?"

"इश्श! तुमचा तो रेणू तरी एकटा कुठे काम करतो? जोडीनेच ना…"